अजबखान्याचं काम काढताय? आधी एक पावसाळा बघा

संग्रहालयाची जुनी इमारत गळायला लागली की विश्वस्तांच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला: "खर्च किती येईल?" उत्तर कोणालाच माहीत नसतं. तरी कोणीतरी एक आकडा बोलतं, तो इतिवृत्तात चढतो आणि पुढची चार-पाच वर्षं सगळे त्या आकड्याशी झटत बसतात. माझं पोट अशाच कामांच्या समन्वयावर चालतं. आर्किटेक्ट, गवंडी, क्युरेटर, लेखापाल आणि पालिकेतले साहेब यांच्यामध्ये उभं राहून सगळ्यांचे फोन घेणं हा माझा धंदा. त्यावरून सांगतो, पहिला प्रश्न पाण्याचा विचारा. पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, कुठून बाहेर पडतं हे कळलं की खर्चाचा आकडा हळूहळू जागेवर येतो.

एक शब्दाची अडचणही सांगून टाकतो. "जीर्णोद्धार" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे देऊळ येतं, आणि देवळाचं काय होतं ते आपण गावोगाव पाहतो: दगडी मंडपाला ऑइलपेंट, गाभाऱ्यात न्हाणीघराच्या टाइल्स, दारात देणगीदारांची संगमरवरी पाटी. म्हणून कागदावर मी "संवर्धन" लिहितो आणि बोलताना नुसतं "काम काढलंय" म्हणतो.

डोळ्यांपुढे ठेवायला उदाहरण घेऊ भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं. मुंबईतलं हे सर्वांत जुनं संग्रहालय. १८६२ मध्ये पायाभरणी झाली, पण १८६५ मध्ये कापसाचा आणि शेअरचा फुगा फुटला, वर्गणी आटली, काम रखडलं. २ मे १८७२ ला ते एकदाचं उघडलं, तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. ज्यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं त्या भाऊ दाजींचं नाव मिळायला १९७५ साल उजाडलं. पुढे इमारतीची रया गेली. २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, इंटॅक (वारसा जपणारी देशपातळीवरची संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि खरं काम सुरू झालं. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला. लोकांसाठी दारं मात्र उघडली २००८ च्या जानेवारीत. या दोन तारखांमधलं अंतर लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

गेरूची बादली

अंदाजपत्रक करण्याआधी एक अख्खा पावसाळा इमारतीत काढा. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कोकणात त्याहून जास्त. एप्रिलमध्ये केलेल्या पाहणीत भिंत कोरडी ठणठणीत दिसते आणि ऑगस्टमध्ये त्याच भिंतीला हात लावला तर पोपडा हातात येतो. प्रत्येक मजल्याचा नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्या, मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी तो घेऊन फिरा, ओल दिसेल तिथे पेन्सिलीने तारीख टाका. कुठे लोणा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार) लागलाय, कुठे पिंपळ उगवलाय, कुठला नळदांडा (गच्चीचं पाणी खाली आणणारा नळ) तुंबतो, सगळं. सप्टेंबर संपेपर्यंत तो कागद कुठल्याही यंत्राच्या अहवालापेक्षा जास्त बोलायला लागतो.

ही सवय मला एका फजितीने लागली. एका जिल्ह्याच्या गावी दरबार हॉलच्या कोपऱ्यात, छताच्या पट्टीखाली, ओलीचा मोठा डाग होता. वर गच्ची, म्हणजे गच्चीच गळतेय असं आम्ही सगळ्या शहाण्यांनी ठरवलं. गच्ची उकरली, नवीन कोबा घातला, बिल चुकतं केलं. पुढच्या जुलैत डाग जिथल्या तिथे. मग कामावरच्या एका म्हाताऱ्या गवंड्याने बादलीभर पाण्यात गेरू कालवला आणि गच्चीच्या कोपऱ्यातल्या पन्हळीत ओतला. चहा पिऊन खाली आलो तर पांढऱ्या गिलाव्यावर लालसर ओघळ उतरत होता. भिंतीच्या पोटात बिडाचा जुना नळ होता, कुठल्याच नकाशात नसलेला, आणि तो मध्येच फुटला होता. कोब्याचे पैसे वाया गेले असं नाही म्हणणार, पण ते नंतर खर्च केले असते तर चाललं असतं.

सही कोणाची

कामं दगडामुळे कमी आणि सहीमुळे जास्त अडतात. भायखळ्याच्या करारातून घेण्यासारखं हेच: इमारत कोणाची, पैसा कोणाचा आणि जाण कोणाची, हे तिन्ही पक्ष एका कागदावर आले. तुमची संस्था लहान असली तरी असा कागद करा. त्यात एवढं स्पष्ट हवं की रोजचे निर्णय कोण घेणार, किती रकमेपर्यंत तो विश्वस्तांना न विचारता हो म्हणू शकतो, आणि आर्किटेक्ट व क्युरेटर यांचं जमलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा. हे जमत नाहीच कधीकधी. आर्किटेक्टला खिडकी मूळ होती तशी उघडी हवी असते, क्युरेटरला त्याच खिडकीसमोर पैठणी टांगायची असते.

आर्किटेक्ट नेमताना नवीन इमारतींचे फोटो बघू नका. पाच-दहा वर्षांपूर्वी त्याने दुरुस्त केलेली एखादी जुनी वास्तू पावसाळ्यात जाऊन बघा. त्याच्याबरोबर जुन्या बांधकामाची जाण असलेला स्ट्रक्चरल इंजिनीअर हवा. नाहीतर प्रत्येक सागवानी तुळईला लोखंडी गर्डर हे एकच औषध लिहून मिळतं.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. इमारत यादीत असेल तर तिच्या श्रेणीप्रमाणे वारसा समितीकडे जावं लागतं. इमारत केंद्राचं किंवा राज्याचं संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याशिवाय खिळाही मारता येत नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या शेजारी असाल तरी पहिले १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, तिथे दुरुस्तीलाही परवानगी लागते. याला महिने जातात. ते महिने वेळापत्रकात आधीच धरा, म्हणजे दिवाळीनंतर काम सुरू करायचं ठरवून होळीला परवानगी हातात येण्याची वेळ येत नाही.

वस्तू आधी, परांची नंतर

१८५७ च्या उठावात फोर्टमधल्या टाउन बरॅकी सैन्यासाठी रिकाम्या करायच्या म्हणून तिथला संग्रह घाईघाईने बाहेर काढला गेला आणि त्याची नासधूस झाली. भायखळ्याच्या संग्रहालयाच्या आधीचा अवतार तो हाच. घाईने हलवलेला संग्रह म्हणजे अर्धा गमावलेला संग्रह, ही गोष्ट आपल्याकडे इतकी जुनी आहे.

म्हणून बांबू येण्याआधी वस्तू हलवा आणि वस्तू हलवण्याआधी वही तयार करा. दर वस्तूमागे एक ओळ: नोंदणी क्रमांक, फोटो, आत्ताची अवस्था, पेटीचा क्रमांक, कुठून उचलली, कुठे ठेवली, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. "अवस्था" या रकान्यात "ठीक" लिहू देऊ नका. "डाव्या कानाचा टवका, जुना, तळाशी भेग, ४ सेंटिमीटर" असं लिहा. दोन वर्षांनी वस्तू परत येते तेव्हा तो टवका जुना की नवा, यावरून माणसांची जन्माची भांडणं होतात.

तात्पुरतं कोठार शोधताना लोक जागा किती मोठी ते बघतात. तुम्ही आधी वर बघा. वरच्या मजल्यावर संडास किंवा पाण्याची टाकी असेल तर ती खोली नको. तळघर नकोच. वस्तू प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका. आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. धुतलेलं मांजरपाट आणि आम्लरहित कागद पुरतो. जे हलत नाही, म्हणजे मोठे पुतळे, शिलालेख, भिंतीत बसवलेलं काही, त्याला जागेवरच लाकडी चौकट ठोका आणि चौकट पुतळ्याला कुठेही टेकणार नाही याची खात्री करा. एक दारही ठेवा, कारण आठवड्यातून एकदा आत डोकावायला लागतं.

विम्याचं पत्र हलवण्याच्या तारखेआधीचं हवं. हे वाक्य लिहायला लागतंय याचंच आश्चर्य वाटतं, पण लागतं.

भिंतीला काय म्हणायचंय

आता इमारतीची तपासणी. मोजून काढलेले नकाशे, प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो, त्यावर रंगीत पेन्सिलीने दोष: भेग, पोकळ गिलावा, सिमेंटची जुनी ठिगळं. पोकळ गिलावा कळायला लाकडी हातोडीच्या दांड्याने टकटक करा. आवाज बद्द आला की तिथे खडूची रेघ. दोन दिवसांत हॉलभर रेघा होतात आणि किती चौरस मीटर काम आहे ते खरं कळतं.

रंगाचा शोध हा मला सगळ्यांत आवडणारा भाग. एखादा कोपरा निवडायचा, जिथे माणसाचा हात पोचलेला नाही, दरवाजाच्या चौकटीच्या वर वगैरे. शस्त्रक्रियेच्या पात्यासारखं पातं घेऊन एकेक थर बोटभर रुंदीचा खरवडायचा, दर थर आधीच्यापेक्षा थोडा कमी, म्हणजे पायऱ्या दिसतात. वर पांढरा डिस्टेंपर, त्याखाली सरकारी पिवळट, मग गुलाबी, मग भलताच गडद हिरवा, त्याखाली चुना. कुठला थर मूळचा ते जुने फोटो, मोजणी पुस्तिका आणि थोडी अक्कल यावरून ठरतं. कधी सगळ्यांत खालचा थर म्हणजे रंगाऱ्याने दिलेला नुसता अस्तराचा हात असतो, हेही ध्यानात असू द्या. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आज शिरलात की बिडाचे नक्षीदार खांब, कठडे आणि सोनेरी मुलामा दिसतो. ती श्रीमंती आर्किटेक्टच्या मनातून आलेली नाही, जुन्या पुराव्यावर उभी आहे.

चुन्याच्या गिलाव्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा: चुना किती, वाळू किती, सुरखी (विटांची पूड) आहे का. किनारपट्टीवर असाल तर एक सावधगिरी. नमुना आम्लात विरघळवून चुना मोजतात, आणि वाळूत शिंपल्यांचा चुरा असेल तर तोही विरघळतो. मग कागदावर चुना फाजील दिसतो आणि त्या प्रमाणाने केलेला गिलावा तडकतो.

निविदा: जिथे चांगली कामं मरतात

सरकारी दरसूचीत चुन्याच्या कामाचे दर अपुरे असतात किंवा नसतात, आणि सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम देण्याची सवय आपल्या हाडात भिनलेली. यातून वाट आहे ती दोन लिफाफ्यांची. पहिला तांत्रिक: अशी किती कामं केली, कारागीर कोण, आणि जागेवर एक मीटर बाय एक मीटरचा नमुना करून दाखव. नमुना पास झाला तरच पैशाचा लिफाफा उघडायचा. तो पास झालेला तुकडा भिंतीवर तसाच राखून ठेवा. पुढे वाद झाला की सगळ्यांना त्याच्यासमोर नेऊन उभं करता येतं.

ठोक रकमेचं कंत्राट टाळा. जुन्या इमारतीत छत उघडल्याशिवाय तुळईचं टोक कुजलंय की नाही ते देवालाही कळत नाही. बाबवार दर घ्या, मोजमाप करून पैसे द्या, आणि अनपेक्षितासाठी माझ्या मते निदान वीस टक्के बाजूला ठेवा. लेखापाल दहावर अडून बसेल. त्याला गेरूच्या बादलीची गोष्ट सांगा.

वेळेचंही तेच. अॅम्स्टरडॅमचं रिक्सम्युझियम २००३ मध्ये बंद झालं, २००८ ला उघडायचं होतं, उघडलं २०१३ च्या एप्रिलमध्ये. इमारतीखालून जाणारा सायकलींचा रस्ता ठेवायचा की नाही, या वादाने तिथे वर्षं खाल्ली. डच लोकांना वेळापत्रकात इतका धक्का बसला, तर मंत्र्यांनी माइकवर जाहीर केलेल्या उद्घाटनाच्या तारखेवर आपण किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

कामाचा क्रम

वरून खाली आणि बाहेरून आत. छप्पर, मग पन्हळी आणि नळदांडे, मग इमारतीभोवतीचा उतार आणि गटारं, मग तुळया-खांब, मग भिंती, मग दारंखिडक्या, मग वायरिंग, सगळ्यांत शेवटी रंग. उद्घाटनाची घाई झाली की हा क्रम उलटतो. दर्शनी भिंत आधी रंगते आणि वर कौलं तशीच फुटकी. छपराचं काम ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत उरकायचं. ते होणार नसेल तर अर्धं छप्पर उघडू नका, वर तात्पुरता पत्र्याचा मांडव घाला. महाग पडतो, पण ताडपत्रीच्या भरवशावर एका रात्रीत जे भिजतं त्याच्यापेक्षा स्वस्तच.

भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा काढायलाच हवा. दगड-चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंटने तोंड बांधलं की ओल आत कोंडते, क्षार दगडात साचतात आणि दगडाचीच पापडी सुटते. काढायचा तो छिन्नी-हातोडीने. ब्रेकर लावला की मालाडचा किंवा पोरबंदरचा मऊ दगड गिलाव्याबरोबरच निघून येतो. काळा पाषाण टिकतो, पण त्याच्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, हादरतात.

चुना हा संयमाचा विषय. कळीचा चुना पाण्यात भिजवून, गाळून, निदान काही आठवडे मुरवायचा. कोणी गूळ घालतो, कोणी बेलफळाचं पाणी, कोणी मेथी. गवंड्यागणिक पाककृती वेगळी आणि प्रत्येकाची आजोबांची. मी त्यात पडत नाही, फक्त नमुना तपासायला सांगतो. पण दोन गोष्टींवर अडून बसा. एक, थर पातळ आणि पहिला आवळल्यावरच दुसरा. दोन, ओलं पोतं. चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन कडक होतो आणि त्याला ओलावा लागतो, म्हणून भिंतीवर पोती टांगून दिवसातून तीन-चारदा शिंपडायचं. रविवारी शिंपडणार कोण, हे शनिवारीच विचारा. आणि मुकादमाच्या खोलीच्या मागे सिमेंटची गोणी दिसली तर ती "फक्त लादीसाठी" आहे यावर विश्वास ठेवू नका. चुन्यात मूठभर सिमेंट टाकलं की काम लवकर आवळतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

दगड धुताना वाळूचा मारा आणि आम्ल दोन्ही बंद. पाण्याची बारीक फवारणी, नरम ब्रश, हट्टी डागाला मातीचा लेप. शंभर वर्षांचा दगड कोरा करकरीत दिसायलाच हवा असा हट्ट धरू नका. भिंतीतला पिंपळ ओढून उपटू नका, दगड सैल होतात; बुंधा कापून मुळावर औषध द्यायचं आणि ते मेल्यावर फट चुन्याने भरायची. सागवानी तुळई टोकाला कुजली असेल तर कुजका भाग कापून जुन्याच सागाचा सांधा द्या, अख्खी तुळई बदलू नका. पाडकामाच्या बाजारात जुना साग मिळतो, चांगला सुतार तो वाजवून घेतो.

आग

दुरुस्ती चालू असलेली इमारत आगीच्या सर्वांत जवळ असते. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची इमारत २०१४ मध्ये जळाली, तिची दुरुस्ती चालू असताना २०१८ मध्ये पुन्हा पेटली. पॅरिसचं नोत्र दाम २०१९ मध्ये परांची बांधलेली असतानाच पेटलं. रिओमधल्या राष्ट्रीय संग्रहालयाला २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आग लागली ती वातानुकूलन यंत्रातून, आणि शेजारच्या अग्निशमन नळांना पाणी नव्हतं.

आपल्या साइटवर नियम साधे ठेवा. वेल्डिंग आणि कटिंग इमारतीच्या बाहेर, अंगणात. आत करावंच लागलं तर त्या दिवसाची लेखी परवानगी, शेजारी पाण्याची बादली आणि माणूस, आणि काम संपल्यावर एक तास तो माणूस तिथेच. ठिणगी लाकडात धुमसत राहते, सगळे घरी गेल्यावर पेटते. कामगारांना आत स्वयंपाक नको, आणि तो नको म्हणायचा तर त्यांची बाहेर नीट सोय करून द्या. संध्याकाळी तात्पुरत्या वायरिंगचं मुख्य बटण बंद करून किल्ली एकाच माणसाकडे.

मांडामांड

रंग वाळला म्हणजे इमारत वाळली असं नाही. युनेस्कोच्या पुरस्कारानंतर भायखळ्याची दारं उघडायला दोन वर्षांहून जास्त गेली, त्याकडे आता परत बघा. इमारत दुरुस्त होणं आणि संग्रहालय तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या काळात दालनांत तापमान आणि आर्द्रता नोंदवणारी छोटी यंत्रं ठेवा. आलेख काही आठवडे शांत राहिला की मग वस्तू आणा, आधी दगड आणि धातू, कापड-कागद सर्वांत शेवटी. नव्या प्लायवूडचा वास येतोय तोवर त्या कपाटात धातूच्या वस्तू ठेवू नका, गंजतात. कागद, कापड, जलरंग यांच्यावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) वर प्रकाश नको. पाहुणे "अंधार आहे" म्हणतील, म्हणू देत. वातानुकूलन दिवसा चालू आणि रात्री बंद असं करायचं असेल तर ते बसवूच नका, त्या चढउताराने लाकूड आणि रंग दोन्ही फाटतात.

कंत्राटदाराचे शेवटचे पैसे एक पावसाळा उलटल्यावरच द्या, तसं करारात आधी लिहून. आणि देखभालीची वही त्याच्याकडूनच घ्या: कुठला चुना, कुठलं प्रमाण, कुठला नळ कुठून जातो, काय लपलंय. पुरस्कार मिळाला म्हणून इमारत गळायची थांबत नाही. भाऊ दाजी लाड संग्रहालयही कोविडनंतर दुरुस्तीसाठी बराच काळ बंद राहिलं आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा उघडलं.

तेव्हा वार्षिक अंदाजपत्रकात एक ओळ कायमची घाला: "पन्हळी व नळदांडे सफाई, १५ मे आणि १५ जुलै." जुलैचं विसरतात सगळे. पहिल्या पावसात झाडांची पानं उतरतात आणि पन्हळ पुन्हा तुंबते. गच्चीच्या दाराची एक किल्ली पहारेकऱ्याकडे ठेवा, कारण मुसळधार पाऊस नेहमी रविवारी रात्री येतो आणि किल्लीवाला तेव्हा गावाला गेलेला असतो.